एक जाहिरात, तीन टेबलं: उमेदवाराने कोणाला काय विचारायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. काका पहिल्यांदाच अपक्ष म्हणून उभे राहणार आहेत. प्रचाराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे. तो केबलवर दाखवायचा, फेसबुकवर पैसे भरून चालवायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा विचार आहे. शिवाय पत्रकं छापायची आहेत. कोणी म्हणतं कलेक्टर ऑफिसची परवानगी लागते, तर कोणी म्हणतं ती फक्त टीव्हीला लागते. 1950 या हेल्पलाइनवर फोन केला, तर त्यांनी मतदारयादीची माहिती दिली. मग जायचं कोणत्या खात्याकडे, आणि ते खातं मार्गदर्शन करतं की नुसत्या नोटिसा काढतं?

मी करसल्लागार आहे. गेली सतरा वर्षं निवडणूक आली की उमेदवारांचे खर्चाचे हिशेब आणि जाहिरातींची कागदपत्रं सांभाळते. माझ्या अनुभवात नवखा उमेदवार नियम मोडायचा म्हणून मोडत नाही. परवानगीचं एक काम झालं की सगळं झालं, अशी त्याची समजूत असते आणि तिथेच तो अडकतो. एकच जाहिरात तीन वेगवेगळ्या टेबलांवर जाते. मजकूर चालेल का, हे एक टेबल बघतं. ती कोणाच्या नावाने निघाली, हे दुसरं. तिचे पैसे कुठून आले आणि कोणाच्या खात्यात धरायचे, हे तिसरं. एका टेबलाचा होकार दुसऱ्या टेबलाला लागू होत नाही. तुमचा सगळा गोंधळ इथूनच आला आहे.

पण त्याआधी एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: निवडणूक कोणती? विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाकडे. 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीनंतर 1994 मध्ये हा दुसरा आयोग स्थापन झाला. दोन्ही संस्था पूर्णपणे स्वतंत्र आहेत. दोघांचे आदेश, खर्चाच्या मर्यादा आणि अर्जांचे नमुने वेगळे. गल्लीच्या पातळीवर मात्र दोन्हीकडे बरेचदा तीच महसूल आणि पालिकेची माणसं काम करताना दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की सगळं एकच आहे. मागच्या विधानसभेचा अर्ज नमुना म्हणून घेऊन पालिका निवडणुकीत भरणारे उमेदवार मी पाहिले आहेत. तुमचा सूर विधानसभेचा वाटतो, म्हणून पुढचं त्या हिशेबाने लिहिते. स्थानिक निवडणूक असेल तर तत्त्वं बहुतेक तीच, पण दिवस, रकमा आणि नमुने राज्य आयोगाच्या चालू आदेशातूनच घ्या.

आता पहिलं टेबल. जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत चालते. तिचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2004 च्या आदेशात आहे. टीव्ही आणि केबलवरची राजकीय जाहिरात आधी तपासून घ्यावी, असं त्यात ठरलं. पुढे आयोगाने रेडिओ, चित्रपटगृह, सार्वजनिक जागेतले पडदे, ई-पेपर, एकगठ्ठा एसएमएस, रेकॉर्ड केलेले फोन आणि इंटरनेटवरच्या जाहिराती यांनाही तेच लागू केलं. समाजमाध्यमांबद्दलची सूचना 25 ऑक्टोबर 2013 ची आहे. त्यामुळे ‘टीव्हीला लागते, मोबाइलला नाही’ हे सांगणारा माणूस बारा-तेरा वर्षं मागे आहे.

तुमच्या व्हिडिओचे तीन वापर वेगळे करून बघा. केबलला प्रमाणपत्र लागतं. फेसबुकवर पैसे भरून चालवायचा तर तिथेही लागतं. काकांनी स्वतःच्या खात्यावर तो नुसता टाकला, पैसे भरले नाहीत, तर आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार ती जाहिरात धरली जात नाही आणि पूर्वप्रमाणन लागत नाही. पण आचारसंहिता तिथेही लागू असते, आणि व्हिडिओ बनवायला आलेला खर्च हिशेबात येतोच. व्हॉट्सॲपचं थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. काकांनी स्वतःच्या ओळखीच्या गटांत पाठवला तर फारसं कोणी विचारत नाही. एखाद्या एजन्सीला पैसे देऊन वीस हजार नंबरांवर सोडला तर तो एकगठ्ठा संदेश झाला. मग प्रमाणपत्रही हवं आणि बिलही हवं.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात करायचा असतो. सोबत व्हिडिओच्या दोन प्रती आणि त्यातल्या शब्दन् शब्दाची साक्षांकित संहिता. निर्मितीचा खर्च, किती वेळा दाखवणार, कोणत्या दराने, हेही लिहायचं. पैसे चेक किंवा ड्राफ्टने देणार असं लिहून द्यायचं. मुदत लक्षात ठेवा: उमेदवाराला आणि मान्यताप्राप्त पक्षाला प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, इतरांना 7 दिवस आधी. काकांचा उमेदवारी अर्ज भरायचा आहे, छाननी व्हायची आहे, तोवर ते ‘इतर’ आहेत असं कोणी म्हणू शकतं. म्हणून मी अपक्षांना सात दिवस धरूनच चालायला सांगते.

आणि हा अर्ज तुम्ही स्वतःच्या नावाने अजिबात करू नका. पुतण्या म्हणून उत्साहाने केलात, तर ‘ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही’ असं शपथेवर सांगावं लागेल. काकांचा चेहरा दोन मिनिटं पडद्यावर असताना तुम्ही ते कसं सांगणार? अर्ज काकांचा किंवा त्यांच्या निवडणूक प्रतिनिधीचा असायला हवा.

समितीने एखादं वाक्य काढायला सांगितलं तर 24 तासांत दुरुस्ती करून परत सादर करावं लागतं. निर्णय पटला नाही तर राज्यस्तरीय समितीकडे दाद मागता येते. बहुतेक वेळा आक्षेप जात-धर्म, विरोधकाच्या खासगी आयुष्यावरचा शेरा, देवळाचं वा मशिदीचं दृश्य किंवा सैनिकांचे फोटो यांवर येतो. ही दृश्यं आधीच काढून टाका, निम्मा वेळ वाचेल.

एका उमेदवाराचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आम्ही रीतसर प्रमाणित करून घेतला होता. दोन दिवसांनी संकलन करणाऱ्या मुलाने शेवटी सहा सेकंदांची भर घातली. एका ज्येष्ठ नेत्याने ‘याला निवडून द्या’ म्हटलेलं उशिरा हाती आलं होतं, ते वाया का घालवायचं म्हणून. खाली प्रमाणपत्राचा जुना क्रमांक तसाच ठेवला. संध्याकाळी सात वाजता केबलवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस हातात. समितीतल्या कर्मचाऱ्याने मूळ संहिता समोर ठेवून चालू व्हिडिओ ऐकला होता, एवढंच. प्रमाणपत्र त्या व्हिडिओच्या त्या एकाच आवृत्तीला असतं. संगीत बदललं, फोटो बदलला, तरी नवा अर्ज. मी आता प्रमाणित फाइलचं नाव क्रमांकासकट बदलते आणि जुन्या सगळ्या प्रती त्या मुलाच्या संगणकावरून माझ्यासमोर काढून टाकायला लावते.

व्हिडिओत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आवाज किंवा दृश्य असेल तर तसं ठळक लिहावं लागतं. ऑक्टोबर 2025 च्या सूचनेत आयोगाने पडद्याचा किमान 10 टक्के भाग या खुणेला द्यायला सांगितलं आहे. नुसता आवाज असेल तर सुरुवातीचा 10 टक्के वेळ.

दुसरं टेबल नावाचं. इथे कायदा जुना आणि स्पष्ट आहे: लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951, कलम 127क. पत्रक किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचं नाव-पत्ता छापलेला हवा. छापायला देणाऱ्याने आपली ओळख सांगणारं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं. त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. छापखान्याने त्याची एक प्रत छापील नमुन्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. आयोग त्यासाठी तीन दिवसांची मुदत देतो. मोडलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती सभेची वेळ-जागा सांगणाऱ्या पत्रकाला ही अट नाही, पण खाली ‘मत द्या’ छापलं की सवलत गेली.

रात्री साडेअकराला मला छापखान्यातून फोन आला होता. दहा हजार पत्रकं कापून गठ्ठे बांधून तयार, आणि मालकाच्या लक्षात आलं की खालची ओळच राहिली आहे. उमेदवाराचे कार्यकर्ते बाहेर गाडी लावून उभे. ‘उद्या सकाळी वाटायचीत, कोण बघतंय ताई?’ मी तिथे गेले. गठ्ठे सोडले, कागद पुन्हा मशीनवर चढवले आणि तळाच्या मोकळ्या पट्टीत काळ्या शाईत ओळ छापून घेतली. मुद्रकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रतींची संख्या. पहाटे तीन वाजले. बिलात जास्तीचं काम लागलं, तेही हिशेबात धरलं. ती पत्रकं भरारी पथकाने एका चौकात तपासली तेव्हा कार्यकर्त्याने फक्त तळाकडे बोट दाखवलं.

इंटरनेटवर नावाचं टेबल कंपन्यांकडेही असतं. गुगल आणि मेटा (फेसबुकची मालक कंपनी) या दोन्ही कंपन्या राजकीय जाहिरातदाराची ओळख तपासतात आणि पैसे कोणी दिले ते जाहिरातीवर दाखवतात. गुगल भारतात आयोगाच्या यंत्रणेचं पूर्वप्रमाणपत्रही मागतं. या पडताळणीला दिवस लागू शकतात, म्हणून ती आजच सुरू करा. आणि उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात काकांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती लिहायची आहेत. ज्या खात्यावरून जाहिरात चालणार, ते त्यात असलं पाहिजे.

तिसरं टेबल खर्चाचं. उमेदवार सगळ्यात जास्त इथेच अडकतात. महाराष्ट्रात विधानसभेला उमेदवाराची मर्यादा 40 लाख रुपये आहे, लोकसभेला 95 लाख. अपक्ष म्हणतात, ‘आमचे कुठे चाळीस लाख होणार?’ पण मर्यादा ओलांडल्याची प्रकरणं माझ्यासमोर फार कमी आली. बाकीची सगळी नोंद न केल्याची. हिशेब नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा असतो, दोन्ही दिवस धरून. आधी छापलेले फ्लेक्स अर्ज भरल्यानंतर लावले तर तेही आतच येतात. तुमचा व्हिडिओ आज तयार आहे, पण वापर नंतर होणार असेल तर त्याचं बिल जपून ठेवा.

उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि खर्च त्यातूनच व्हायला हवा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत रोख 10,000 रुपयांपेक्षा जास्त देता येत नाहीत. केबलवाला रोख मागेल. त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि चेक द्या. नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती तपासायला न्यावी लागते. निकालानंतर 30 दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. दिला नाही, तर त्याच 1951 च्या अधिनियमाच्या कलम 10क खाली तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं. पडलेले उमेदवार हा हिशेब द्यायचा विसरतात. काकांना आत्ताच सांगून ठेवा: निकाल काहीही लागो, त्यानंतरचा महिना हिशेबाचा.

तुम्ही वही लिहिता तेव्हाच खर्च निरीक्षकाच्या हाताखाली तुमच्या नावाची छाया नोंदवही लिहिली जात असते. व्हिडिओ पथकं सभेतल्या खुर्च्या मोजतात, फ्लेक्सची मापं घेतात. त्यांच्याकडे जिल्ह्याची दरसूची असते, ती पक्षांशी चर्चा करून ठरवलेली असते. मित्राने रिक्षा फुकट दिली तरी दरसूचीचा आकडा लागतो. तुम्ही स्वतः घरी बसून व्हिडिओ संकलित केलात तर तुमच्या मेहनतीची किंमत धरायची का? इथे मी दोन निरीक्षकांची दोन मतं ऐकली आहेत. अशा वेळी मी वाजवी आकडा धरून नोंद करते. चाळीस लाखांत चार हजार धरल्याने काही बिघडत नाही, लपवल्याचा संशय मात्र फार महागात पडतो.

एका उमेदवाराच्या शाळासोबत्याने आनंदाने स्वतःच्या कार्डवरून आठ दिवस फेसबुक जाहिरात चालवली. कोणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या तपासणीला छाया नोंदवहीत ती होती, आमच्या वहीत नव्हती. मेटाचा जाहिरात संग्रह कोणालाही उघडता येतो. कोणी पैसे दिले आणि साधारण किती, ते तिथे दिसतं. आम्ही मित्राची कार्डाची पावती जोडून खुलासा दिला आणि खर्च मान्य केला, म्हणून तेवढ्यावर निभावलं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी असा खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे, हे त्या सोबत्याला ठाऊकच नव्हतं. काकांच्या सगळ्या हितचिंतकांना पहिल्याच बैठकीत सांगा: पैसे घालून काहीही करायचं तर आधी काकांची सही.

पेड न्यूजचं यालाच लागून येतं. एखादा वार्ताहर ‘पॅकेज’ घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात समितीला संशयास्पद वाटली तर प्रसिद्धीपासून 96 तासांत नोटीस निघते आणि उत्तराला तुमच्याकडे 48 तास असतात. उत्तर दिलं नाही तर समितीचा निर्णय अंतिम धरून रक्कम खर्चात टाकली जाते. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना 2011 मध्ये आयोगाने याच कारणावरून तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातीचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. चूक खर्च करण्यात नव्हती, तो न दाखवण्यात होती.

शेवटचे 48 तास. मतदान संपण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 126 खाली या काळात टीव्ही, केबल आणि तशा साधनांवर प्रचार बंद. एकगठ्ठा एसएमएसही बंद. वर्तमानपत्र या कलमात येत नाही, म्हणून आयोग मतदानाच्या दिवशीच्या आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन सक्तीचं करतो. फेसबुकची जाहिरात आपोआप थांबत नाही. शेवटची तारीख आणि वेळ आधीच घालून ठेवा. मी ती प्रचार संपण्याच्या दोन तास आधीची घालते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: ते मार्गदर्शन करतात का? करतात, पण फोनवर नाही. 1950 हा क्रमांक प्रामुख्याने मतदारांसाठी आहे, तिथल्या मुलीने तुम्हाला टाळलं नाही. तुमचा माणूस म्हणजे तुमच्या मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी. अर्ज भरतानाच तिथून नोंदवही आणि सूचनांचा संच मिळतो. उमेदवारांची खर्चाबाबत बैठक घेतात, तिला काका स्वतः आणि वही लिहिणारा माणूस, दोघांनी जायलाच हवं. आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांसाठीची पुस्तिका आहे, ती पूर्ण वाचा. जाहिरात क्षेत्राची ॲस्की ही संस्था राजकीय जाहिराती बघत नाही, तिच्याकडे वेळ घालवू नका. विरोधकाबद्दल तक्रार असेल तर आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार सुविधेवर फोटो-व्हिडिओ टाका, 100 मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं.

पण शंका विचारायची ती लेखी. सतरा वर्षांत मला तोंडी मिळालेल्या उत्तरांपैकी बरीच बरोबर होती, पण नोटीस आल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही. कारकून म्हणाला ‘चालेल’, तो दुसऱ्या दिवशी बदलून गेला. कागदावर विचारलं की अधिकारीही नियम काढून बघतो. एका पत्रात एकच प्रश्न, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा. ‘जाहिरात कशी करावी’ असं विचारलंत तर पुस्तिकेचं नाव सांगतील. ‘सोबत जोडलेला 1 मिनिट 58 सेकंदांचा व्हिडिओ अमुक केबलवर चार दिवस दाखवण्यास पूर्वप्रमाणन आवश्यक आहे का, असल्यास कोणत्या कक्षात अर्ज द्यावा’ असं विचारा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर यायला उशीर झाला तरी तुम्ही कधी आणि काय विचारलं होतं, हे त्या शिक्क्याने सिद्ध होतं.

काकांचं बँक खातं अजून उघडलं नसेल तर सोमवारी पहिलं काम ते. त्याच दिवशी मेटाची ओळख पडताळणी काकांच्या नावाने सुरू करा आणि व्हिडिओची संहिता टाइप करायला बसा. ऐकून लिहायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मागून ऐकू येणाऱ्या घोषणाही त्यात लिहायच्या असतात.